उगाच त्रास नको

सकाळी जाग आली की मी आधी यांच्या छातीकडे बघते. ती वर-खाली होताना दिसली की मग चष्मा शोधायचा, मग देवाचं नाव घ्यायचं. पूर्वी क्रम उलटा होता. माझ्या आईने हे पाहिलं असतं तर चांगलं फैलावर घेतलं असतं मला. पण आई आता नाही, आणि छाती हलेपर्यंतचे ते चार क्षण देवाला सांगण्यासारखेही नसतात.

आमच्या यांना मोटर न्यूरॉनचा आजार आहे. आधी उजव्या हातातून चहाचा कप निसटला, मग पाय गेले, मग जीभ. डोकं शाबूत, कान शाबूत, डोळे शाबूत. बाकीचं शरीर मात्र घरातल्या एकेका खोलीला कुलूप लावत जावं तसं बंद होत गेलं. बोलणं थांबलं तेव्हा घर इतकं शांत झालं की मला फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. कारण हा माणूस म्हणजे नुसता आवाज. शिरवण्याचा आगरी गडी, वाशीच्या मार्केटात टेम्पोंचा धंदा, आणि गावात क्रिकेटची टुर्नामेंट असली की माइक यांच्याच हातात. सानपाड्याच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून वॉचमनला हाक मारायचे तर समोरच्या सोसायटीतली माणसं खिडकीत यायची. मी साताऱ्याकडची, मार्केटातल्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात नोकरीला होते. मला यांनी लग्नाचं विचारलं तेसुद्धा अर्ध्या मार्केटाला ऐकू जाईल असं.

बोलणं गेल्यावर आम्ही अक्षरांवर आलो. मी म्हणायचं, क ओळ, च ओळ, ट ओळ, त ओळ. हवी ती ओळ आली की यांनी डोळे वर करायचे. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर, मग काना-मात्रा. डोळे वर म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही. पहिलीतल्या पोरांसारखी बाराखडी घोकत मी बसायची. आणि मला मेलीला धीर कुठला? 'पा' आलं की मी लगेच म्हणायची, पाणी ना? हे डोळे मिटायचे. पावडर? परत मिटायचे. पंधरा शब्द झाल्यावर कळायचं की पाय वळलाय आणि बिचारा मघापासून कळ सोसतोय.

आमची मुलगी ऐरोलीला कम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिने ते मशीन आणलं. मशीन म्हणजे एक टॅबलेटच, पलंगासमोर स्टँडवर लावलेला. त्यातला कॅमेरा डोळ्यांची बुबुळं कुठे वळतात ते टिपतो. ज्या अक्षराकडे जरा वेळ बघाल ते अक्षर उमटतं. पण खरी गंमत पुढे आहे, असं ती मला स्वयंपाकघरात म्हणाली. यात एआय आहे. बाबांना अख्खं वाक्य लिहायची गरज नाही, समोर कोण काय बोलतंय ते ऐकून मशीनच तीन-चार उत्तरं सुचवेल, बाबांनी नुसतं त्यातल्या एकाकडे बघायचं. आणि ते वाक्य बाबांच्या आवाजात बोललं जाईल.

"बाबांच्या आवाजात कसं?" मी विचारलं.

"त्यांचं जुनं रेकॉर्डिंग द्यायचं. आणि ते कसं बोलतात हे कळायला त्यांचे जुने मेसेज द्यायचे. जितके जास्त देऊ तितकं ते बाबांसारखं बोलेल."

रेकॉर्डिंगला काय तोटा. टुर्नामेंटचे कितीतरी व्हिडिओ गावातल्या पोरांकडे होते. मेसेज मुलीने यांच्या फोनमधून काढले, इतक्या वर्षांचे, नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे, सोसायटीच्या ग्रुपवरचे, झाडून सगळे. वर मीही हौसेने माझी भर घातली. पहिल्या पानावर रोजची वाक्यं बसवून घेतली. पाणी हवंय. कूस बदल. कफ काढ. यांना सांगितलंही, "तुमच्या सोयीची वाक्यं मी घालून ठेवलीत बरं का. शोधत बसू नका, दिसेल त्याकडे बघा."

ज्या दिवशी मशीन पहिल्यांदा बोललं त्या दिवशी हे म्हणाले, "फॅन कमी कर." अक्षर अक्षर जुळवून, कुणी न सुचवता. आवाज यांचाच, तोच खर्जातला, थोडा माइकवरचा. मुलगी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी फॅन कमी करायला गेले आणि बटणाजवळ उभी राहिले, कारण मागे वळले असते तर मलाही तेच झालं असतं. खोटं कशाला बोलू, त्या मशीनची आरती ओवाळायची तेवढी बाकी होती.

मग हे बोलायला लागले. आणि काय बोलायला लागले म्हणून सांगू. मी स्वयंपाकघरात असले की आतून हाक यायची, "जेवलीस का?" इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला कधी जेवलीस का विचारलं नव्हतं. स्वतःचं ताट झालं की हात धुऊन मोकळा. मी पोळी तव्यावर टाकून आत गेले. "काय म्हणालात?" स्क्रीनवरचं ते वाक्य अजून तसंच होतं. हे माझ्याकडे बघत होते. आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्याच्याखाली भीती होती. माणूस जायच्या आधी बदलतो म्हणतात ते हेच का, असं मनात आलं आणि मी तो विचार झटकून टाकला.

शिरवण्याहून माझ्या नणंदबाई आल्या, यांची मोठी बहीण. हे मशीनमधून म्हणाले, "या, बसा. प्रवास नीट झाला ना? तब्येतीला जपा." शिरवण्याहून सानपाड्याला यायला रिक्षाने पंधरा मिनिटंही लागत नाहीत. वन्सं तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, "दुखन्यानं सुदारला गो माझा भाव." मीही हसले. यांच्या तोंडी हे 'बसा' आणि 'जपा' कुठून आलं, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

भीती खरी बसली ती थंडी सुरू झाल्यावर. श्वास कमी पडायला लागला. आधी फक्त झोपेत लागणारा श्वासाच्या मशीनचा मास्क दुपारीही लागायला लागला. इन्व्हर्टर होता, तरी लाइट गेली की मला घाम फुटायचा. यांचे खांदे श्वासाबरोबर उचलले जायचे ते बघवायचं नाही, आणि नाही बघितलं तर अधिक भीती वाटायची. वाशीच्या डॉक्टरांकडे नेलं. माणूस चांगला, गोडगोड बोलणारा नाही, पण सरळ.

ते यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि यांनाच म्हणाले, "मास्कवर आता फार दिवस भागणार नाही. पुढचा मार्ग म्हणजे गळ्याला छोटं भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची, घरी व्हेंटिलेटर लावायचा. त्यावर माणसं वर्षानुवर्षं राहतात. पण काळजी घ्यावी लागते, घरातलं कुणीतरी सतत जवळ लागतं. नळी नको असेल तर तसंही चालेल, मग आम्ही त्रास कमी होईल असं बघू. पण छातीत कफ साठून इन्फेक्शन झालं तर विचारायला वेळ मिळणार नाही. म्हणून आत्ता विचारतोय. नळी बसवायची का?"

टॅबलेट आम्ही बरोबर नेला होता. स्क्रीनवर ओळी उमटल्या. यांचे डोळे वरच्या ओळीवर गेले, तिथे थांबले, जरा जास्तच थांबले. मग तो आवाज आला.

"नको. उगाच सगळ्यांना त्रास नको."

मुलीने माझा दंड धरला. डॉक्टरांनी मशीन बाजूला करायला सांगितलं आणि तोंडी विचारलं, "नळी नको, हे तुम्ही विचार करून सांगताय?" डोळे वर. "नळी नसली तर काय होईल हे तुम्हाला समजलंय?" डोळे वर. "घरच्या कुणी तुम्हाला असं सांगायला लावलंय का?" यावर हे माझ्याकडे बघत राहिले. मग डोळे मिटले. म्हणजे नाही.

डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलं. गुरुवारी परत या म्हणाले, तेव्हा सह्या करू, तोवर काही बदललं तर फोन करा. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा केवढे धीराचे आहेत." लिफ्टमध्ये व्हीलचेअरमागे उभी राहून मी यांच्या मानेकडे बघत होते, जिथे ते भोक पडलं असतं तिथे.

घरी आल्यावर यांना पलंगावर घेतलं, मास्क लावला. यांचा फोन वाजला. गावातल्या चुलत दिराचा मेसेज होता, कळलं डॉक्टरकडे गेला होतास, संध्याकाळी येतो, रात्री थांबायला लागलं तरी थांबतो. मी नेहमीप्रमाणे फोन उचलला आणि नेहमीप्रमाणे उत्तर लिहायला लागले.

'नको, उगाच तुम्हाला त्रास न'

इथे माझा अंगठा थांबला.

मी पलंगाच्या कडेवर बसले. मेसेज वर सरकवत गेले. चुलत दिराच्या मुलाचं लग्न: 'आमच्यासाठी खास काही करू नका, उगाच त्रास.' यांचं हर्नियाचं ऑपरेशन: 'डबा नको, कशाला त्रास घेता.' शेजारचे गृहस्थ वारले तेव्हा: 'काळजी घ्या, जेवून घ्या.' सगळे यांच्या फोनवरून गेलेले, यांच्या नावाने, आणि त्यातला एकही शब्द यांचा नव्हता. हे कधी मेसेज लिहायचेच नाहीत. जाड बोटांना ती बारीक अक्षरं सापडायची नाहीत आणि माणसाला तेवढा दम पण नव्हता. ड्रायव्हर लोकांना आवाज रेकॉर्ड करून पाठवायचे, बाकी आला मेसेज की फोन माझ्याकडे फेकायचे, "दे काय तं जवाब." आणि मी माझ्या रीतीने जवाब द्यायची. कुठल्या घरात होत नाही हे? नातेवाइकांचं बघायचं ते बायकांनीच. हे आम्हा दोघींनाही माहीत होतं, आणि मेसेज मशीनला देताना दोघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

म्हणजे यांच्या गळ्यातून इतके दिवस मी बोलत होते. जेवलीस का, जपा, या बसा, सगळं मीच. आणि आज डॉक्टरांसमोर मी 'नको' म्हणाले होते.

आणि माझं ते 'नको' तरी कसलं? आमच्याकडे चहा विचारला की आधी नकोच म्हणतात. समोरच्याने अहो घ्या हो, अर्धा कप तरी घ्या म्हणायचं असतं, मग आपण घ्यायचा. डबा नको म्हटलं तरी शेजारीण घेऊन येते, आणि ती यावी म्हणूनच तर आपण नको म्हणतो. हे त्या मशीनला कोण सांगणार? हे स्वतः मात्र जन्मात कधी नको म्हणाले नाहीत. हळदीच्या पंगतीत वाढपी पुढे गेला तर त्याला मागे बोलवायचे. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात वडीचा तुकडा परत पाठवला नाही, तो श्वास नको म्हणेल?

मी मुलीला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तिचा चेहरा उतरला, टॅबलेट उघडून ती बराच वेळ काहीतरी बघत बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "आई, सुचवलेलं वाक्य तुझं असेल. मान्य. पण डॉक्टरांनी नंतर मशीन बाजूला ठेवून विचारलं ना? बाबांनी वर बघितलं. ते तर बाबांचेच डोळे होते."

मी यांच्या टॉवेलची घडी घालायला लागले.

"तुला त्यांना सोडवत नाहीये," ती म्हणाली, "मलाही नाही सोडवत. पण आपण आपल्यासाठी त्यांचं म्हणणं बदलायचं का?"

राग आला मला तिचा. पोटची पोर, आणि मला शहाणपण शिकवते. पण रागापेक्षा भीती मोठी होती. ती बरोबर असली तर? मी मशीनला दोष देऊन माझाच स्वार्थ साधत असले तर? परत विचारलं आणि परत नको आलं, तर ते यांच्या तोंडचं, पक्कं होऊन येणार होतं, आणि मग मला धरायला काही उरणार नव्हतं. न विचारता राहिले असते तर निदान ती एक फट उघडी राहिली असती. दोन दिवस मी तशीच वावरले. यांना पुसलं, कूस बदलली, कफ काढला, आणि नजरेला नजर दिली नाही. मशीन मधून मधून बोलायचं, "थकलीस का?" आणि माझ्या अंगावर काटा यायचा. यांच्या घशातला माझाच प्रश्न. त्याला मी काय उत्तर देणार होते?

बुधवारी दुपारी मुलगी ऑफिसला होती. मी यांचं तोंड पुसलं, उशी नीट केली, आणि टॅबलेटचा स्टँड फिरवून त्याचं तोंड भिंतीकडे केलं. हे बघत होते.

"मला एक विचारायचंय," मी म्हटलं. "हो-नाही मध्ये नको. अक्षरांनी सांगा. मी मधे तोंड घालणार नाही, शब्द पुरा करणार नाही. कितीही वेळ लागू दे."

डोळे वर.

"नळी नको असं का म्हणालात?"

आणि मी ओळी म्हणायला सुरुवात केली. स्वर? क ओळ? च ओळ? ट ओळ? त ओळ. डोळे वर. त? डोळे वर. काना? वेलांटी? उकार? वर. 'तू' झालं. माझ्या मनात लगेच पुढचं आलं, तू दमशील, तू एकटी पडशील, तू कशी करशील. सगळं जिभेवर होतं. मी ओठ दाबून धरले.

मग ल आला, वेलांटी आली. व आला. परत ल, त्यावर अनुस्वार, मग स. मधे दोनदा थांबावं लागलं, मास्क घट्ट करून श्वास भरून घ्यावा लागला. मी ते सगळं जोडून वाचलं.

"तू लिवलंस."

मला काही कळेना. "मी? मी काय लिहिलं?"

पुन्हा ओळी. पुन्हा त. मग र. र ला काना. मग स. शब्द मला तिथेच कळला होता, पण मी म्हणाले होते मधे बोलणार नाही, म्हणून नाही बोलले. शेवटपर्यंत एकेक अक्षर विचारत राहिले. न. क. क ला काना आणि मात्रा.

"तरास नको."

खाली सोसायटीच्या गेटवर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी यांचा हात हातात घेतला. हाताला काही कळतं की नाही मला ठाऊक नाही, कळतं म्हणतात.

"मशीनवर जी वाक्यं येतात," मी विचारलं, "ती सगळी मी घालून ठेवलीत असं तुम्हाला वाटतं?"

डोळे वर.

"जेवलीस का, थकलीस का, ते पण?"

डोळे वर.

"आणि डॉक्टरांसमोर जे आलं, ते पण मीच आधी लिहून ठेवलं होतं असं वाटलं?"

डोळे वर.

"म्हणजे मला तुम्ही नकोसे..."

वाक्य माझ्याने पुरं होईना. हे डोळे वर करून राहिले होते, माझं बोलून व्हायच्या आधीच.

बाईचं हस्ताक्षर ओळखावं तशी या माणसाने माझी वाक्यं ओळखली होती. पहिल्या दिवसापासून. बायकोने आपल्यासाठी काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय, म्हणजे तिला तेच ऐकायचंय, असं समजून तो रोज तिकडे बघत होता. मला बरं वाटावं म्हणून जेवलीस का म्हणत होता. आणि डॉक्टरांनी नळीचं विचारलं तेव्हा सगळ्यात वर माझ्या शब्दांत 'त्रास नको' आलं. त्याला वाटलं, हिला नको आहे, तोंडाने सांगता येत नाही म्हणून इथे लिहून ठेवलंय. म्हणून डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं होतं, आणि मग मला वाचवायला डोळे मिटून नाही म्हणाला होता.

मग मात्र माझा ताबा सुटला. मी रडले असेन, पण मला आठवतं ते भांडलेलं.

"अहो, अक्कल आहे का तुम्हाला? मला नको असतं तर मी मशीनला सांगितलं असतं? तुमच्या तोंडावर नसतं सांगितलं? आजवर कधी काही मनात ठेवलंय मी? भाजीत मीठ जास्त झालं तर चार दिवस ऐकवते तुम्हाला, आणि एवढी गोष्ट मी चिठ्ठी लिहिल्यासारखी लिहून ठेवीन? ते मशीन लिहितं. त्या मेल्याने माझे मेसेज वाचलेत, तुमच्या फोनवरून मीच करायची ना सगळ्यांना. ती माझी सवय बोलतेय, मी नाही बोलत."

हे बघत होते. मी मास्कमधून श्वास नीट जातोय का ते बघितलं, भांडतानासुद्धा.

"मला तुम्ही हवे आहात," मी म्हटलं. हे वाक्य मी आजवर उच्चारलं नव्हतं. आमच्यात तशी पद्धतच नाही. लग्न ठरलं तेव्हाही मी फक्त बघते, घरी विचारते एवढंच म्हणाले होते. "नळीसकट हवे आहात. कफ काढीन, व्हेंटिलेटर बघीन, लाइट गेली तर हाताने फुगा दाबत बसेन. मला भीती वाटते, रोज वाटते, पण ती तुम्ही जाल याची वाटते. तुम्ही राहाल याची नाही. आता तुम्हाला स्वतःला काय हवंय ते सांगा. तुम्हाला खरंच नको असेल तर मी परत विचारणार नाही, तुमची शपथ."

यांनी डोळे मिटले.

मिटले म्हणजे नाही. मी बघत राहिले. पापण्या उघडेनात. डोळ्याच्या कडेने पाणी कानाकडे उतरलं आणि मी ते पुसलंही नाही, कारण मला वाटलं हेच उत्तर आहे, आणि शपथ घेऊन बसले होते. खांदे वर, खांदे खाली. मास्कच्या मशीनचा फुस् असा आवाज आणि पुन्हा खांदे वर. मला आठवतं, मी मनात म्हणत होते, आता उघडा, शिव्या द्या, काही करा पण उघडा.

उघडले. माझ्याकडे बघून मग ते भिंतीवर जिकडे मी नेहमी ओळी म्हणताना बघते तिकडे वळले. म्हणजे ओळी म्हण.

मी म्हणायला लागले. क ओळीला काही नाही, च, ट, त, काही नाही. प ओळ. डोळे वर. प, फ, ब, भ, म. वर. अनुस्वार. मग परत पहिल्यापासून, क ओळ, ग.

"मंग," मी वाचलं.

क ओळ. घ. काना. मग य ओळ, तिथे ल. मी अक्षरं म्हणत होते, एकही गाळलं नाही. न. मग परत ल, दीर्घ वेलांटी.

"मंग घाल नली."

मी किती वेळ यांच्या हातावर डोकं टेकून बसले मला माहीत नाही. मग उठून फोन घेतला, माझा स्वतःचा, आणि डॉक्टरांना लावला. ओपीडी चालू होती, मागे कुणाचं तरी मूल रडत होतं. मी सांगितलं की त्यांना नळी हवी आहे.

डॉक्टर सावधपणे म्हणाले, "ताई, राग मानू नका. परवा त्यांनी अगदी स्पष्ट नको सांगितलं होतं. हे त्यांचं म्हणणं आहे का तुमचं?"

"दोघांचं," मी म्हटलं. "उद्या घेऊन येते. त्यांनाच विचारा. पण मशीन बंद ठेवून विचारा, आणि अक्षरं मी म्हणते, तुम्ही फक्त थांबा."